चादर किती रात्रींनी धुवायची?

प्रश्न असा आहे: “आम्ही नवरा-बायको एका पलंगावर झोपतो, सहा वर्षांचा मुलगा त्याच्या वेगळ्या पलंगावर. चादरी साधारण तीन आठवड्यांनी बदलतो. माझी मैत्रीण दर चार दिवसांनी बदलते आणि आमचं ऐकून ती दचकलीच. नेमक्या किती दिवसांनी चादर धुवावी? मुलाला सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात, त्याचा याच्याशी संबंध असेल का? आणि गरम पाण्यातच धुवायला हवं का?”

रुग्णालयात मी सव्वीस वर्षं काढली. पहिली दहा वॉर्डात परिचारिका म्हणून, पुढची सोळा लिनन आणि धुलाई विभागाची प्रमुख म्हणून. चादर हा माझ्या रोजच्या कामाचा विषय होता आणि आजही जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. तुम्हा दोघांची चादर आठवड्याने बदला. मुलाची एकट्याची एरवी दहा-बारा दिवस चालली असती, पण शिंका आहेत म्हणून तीही आठवड्याने, आणि ती मात्र गरम पाण्यात. उशीचे अभ्रे सगळ्यांचेच आठवड्यातून दोनदा. दोन माणसांच्या पलंगाला तीन आठवडे जास्त होतात. मैत्रिणीचे चार दिवस चुकीचे नाहीत, पण निरोगी माणसांच्या घरात तेवढी गरज नसते.

तुम्ही तीन आठवडे हा आकडा प्रामाणिकपणे सांगितलात, हे मला आवडलं. नव्या कर्मचाऱ्यांना शिकवताना मी दरवर्षी दोन प्रश्न विचारायचे. पहिला, घरची चादर किती दिवसांनी बदलता? बहुतेक हात ‘आठवड्याला’ म्हणून वर जायचे. मग दुसरा, मागची चादर कोणत्या वारी बदलली? तिथे वर्ग शांत व्हायचा. आठवून आठवून सांगायला लागले की अनेकांचा आठवडा दोन-तीन आठवड्यांचा निघायचा. कुणी खोटं बोलत नसे. चादर बदलण्याचा दिवस ठरलेला नसला की मधला काळ लक्षातच राहत नाही.

दिवस मोजण्यात दुसरीही एक अडचण आहे. चादर मळते ती कॅलेंडरने नाही, तिच्यावर झोपलेल्या अंगाने. त्यामुळे मी रात्री मोजते, आणि त्याही माणशी. एक माणूस एक रात्र झोपला की एक. तुमच्या पलंगावर आठवड्यात अशा चौदा रात्री होतात, मुलाच्या पलंगावर सात. तीन आठवड्यांत तुमची चादर बेचाळीस रात्री वापरली जाते. माझा ठोकताळा एका चादरीला दहा ते चौदा रात्रींचा आहे. हा कुठल्या नियमावलीतला आकडा नाही, हजारो चादरी हाताखालून गेल्यावर बसलेला अंदाज आहे. या हिशेबाने एकट्या माणसाची चादर दहा दिवस ते दोन आठवडे चालते, दोघांची पाच ते सात दिवस. कामानिमित्त आठवड्यातले तीनच दिवस घरी झोपणाऱ्याला दर रविवारी चादर उपसण्याची गरज नाही. उलट आजारपणात दिवसभर पलंगावर असलेल्या माणसाची एक रात्र दोन-तीन रात्रींइतकी धरावी.

या रात्रींमध्ये चादरीवर काय जमतं ते पाहू. आपली वरची त्वचा साधारण चार आठवड्यांत नवी होते. जुन्या पेशी कोंड्यासारख्या सुटत राहतात, झोपेत कूस बदलताना घासून जास्तच सुटतात. उघड घाम आला नाही तरी त्वचेतून आणि श्वासातून ओलावा रात्रभर बाहेर पडत असतो. त्यात त्वचेतून पाझरणारं तेल, झोपेत गळलेली लाळ, झोपण्याआधी लावलेलं क्रीम, केसांचं तेल. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा वास तयार होतो. तेलाचं वेगळंच आहे. ते धाग्यात मुरतं, हवेने हळूहळू बदलतं आणि पिवळट पडतं. अभ्र्यांवर आणि चादरीच्या खांद्याकडच्या भागावर जो पिवळेपणा येतो, तो मुख्यतः या जुन्या तेलाचा. पहिल्या आठवड्यात धुतलं तर ते सहज निघतं. महिनाभर मुरलं की साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही, थोडं मागे राहतं, आणि दर वेळी थोडं थोडं साठत जातं. लोक म्हणतात चादर जुनी झाली. ती जुनी झालेली नसते, उशिरा धुतली गेलेली असते.

आपल्याला हे जाणवत नाही, कारण नाकाला स्वतःच्या अंथरुणाची सवय होते. करून पाहण्यासारखी एक गोष्ट सांगते. वापरातला अभ्रा आणि नुकताच धुतलेला अभ्रा शेजारी धरून एकामागून एक हुंगा. आधी धुतलेला, मग वापरातला. किंवा दोन-तीन दिवस बाहेर राहून आल्यावर पलंगाजवळ जा. तेव्हा नाक खरं सांगतं.

कापडानेही फरक पडतो. बेल्जियममधल्या गेंट इथल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायाम केलेल्या लोकांचे सुती आणि पॉलिएस्टरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिएस्टरला जास्त उग्र वास येत होता. धुलाईत आम्हाला हे रोजच दिसायचं. मिश्र धाग्याच्या चादरी लवकर वाळतात, सुरकुतत नाहीत, पण तेल धरून ठेवतात आणि वासही. सुती चादर पाणी आत घेते, म्हणून मळही सोडते. घरी दोन्ही प्रकार असतील तर उन्हाळ्यात आणि जास्त घाम येणाऱ्या माणसाला सुती द्या.

आता थोडं भीतीबद्दल. महिनाभराच्या चादरीवर कमोडच्या बैठकीपेक्षा कितीतरी पट जिवाणू असतात, अशी वाक्यं सगळीकडे फिरतात. मला ती आवडत नाहीत, कारण नुसत्या संख्येने काहीच कळत नाही. तुमच्या चादरीवरचे बहुतेक जिवाणू तुमच्याच त्वचेवरचे असतात, आणि त्यांच्यासोबत तुमचं शरीर जन्मापासून राहत आलं आहे. निरोगी माणूस स्वतःच्या तीन आठवड्यांच्या चादरीवर झोपला म्हणून आजारी पडला, असं मी पाहिलेलं नाही. मैत्रिणीमुळे अपराधी वाटून घेऊ नका. आठवड्याचा आग्रह मी धरते तो वासासाठी, कापडाच्या आयुष्यासाठी, त्वचेच्या आरामासाठी आणि घरात कुणाला ॲलर्जी असेल तर तिच्यासाठी. शिवाय ताज्या चादरीवर अंग टाकण्याचं सुख आहेच. ते मी वॉर्डात रुग्णांच्या चेहऱ्यावर रोज पाहिलं आहे. वेदना तीच असे, औषध तेच असे, पण चादर बदलली की माणूस सैल पडायचा.

अभ्र्याला मी चादरीपासून वेगळं काढते. चेहरा, केस, लाळ, श्वास हे सगळं हातभर कापडावर रात्रभर टेकलेलं असतं. चेहऱ्यावर मुरुमं येत असतील, कपाळाच्या कडेला बारीक पुळ्या येत असतील, तर अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदलावा. मुरुमांचं कारण अभ्रा नसतो, औषध त्याने टळत नाही, पण तेलकट कापडावर गाल घासला जाणं तरी थांबतं. आणि अभ्र्याच्या आत उशी असते, जिचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली वापरातल्या उशा तपासल्या. दीड वर्षापासून वीस वर्षांपर्यंत वापरलेल्या उशा होत्या, आणि प्रत्येक उशीत बुरशीच्या ४ ते १६ जाती सापडल्या. निरोगी माणसाला यातून सहसा काही होत नाही. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाच्या घरी मात्र उशीचं वय लक्षात ठेवलं पाहिजे. धुता येणारी उशी तीन-चार महिन्यांनी धुवा, आणि ती आतपर्यंत वाळल्याची खात्री करा. मधोमध दुमडून सोडल्यावर जी उशी पुन्हा सरळ होत नाही, ती बदलायला झाली आहे.

पांघरूण चादरीइतकं अंगाला घासत नाही. त्याला खोळ असेल तर खोळ दोन आठवड्यांनी, नसेल तर पांघरूण महिन्याने. गादीवर धुता येणारं संरक्षक कव्हर घाला आणि ते दोन महिन्यांनी धुवा. गादी धुता येत नाही, म्हणून तिच्यापर्यंत ओल पोचू न देणं एवढंच आपल्या हातात असतं.

काही घरांत मात्र आठवड्याचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर ओली झाली की त्याच क्षणी बदलायची. ओल्या कापडावर पडून राहिलेली त्वचा मऊ पडते, सोलवटते, आणि तिथून शय्याव्रण सुरू होतो. चादरीची एखादी चुणीसुद्धा अशा त्वचेला पुरते. म्हणून वॉर्डात चादर ताणून, कोपरे दुमडून घट्ट घालायला शिकवतात. ती शोभेसाठीची शिस्त नाही. घरी सेवा करणाऱ्यांना एक सोपी गोष्ट सांगते. कमरेखाली येईल अशी एक आडवी दुमडलेली चादर घाला, तिच्या खाली पाणी न झिरपणारं कापड. ओलं झालं की फक्त आडवी चादर बदलायची, पूर्ण पलंग उपसावा लागत नाही. रात्री दोन वाजता एकट्याने हे करणाऱ्या माणसाचे किती कष्ट वाचतात, ते केल्याशिवाय कळत नाही.

खरूज झाली की लोक चादरींवर तुटून पडतात आणि मुख्य गोष्ट विसरतात. माझ्या एका सहकारी परिचारिकेला खरूज झाली होती. तिने औषध लावलं, कपडे आणि चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, तरी महिन्याभरात पुन्हा खाज. चौकशी केली तर घरातल्या बाकी कुणी औषध लावलंच नव्हतं, कारण त्यांना खाज नव्हती. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगात शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत दोन ते सहा आठवडे जाऊ शकतात. त्या काळात माणसाला काही होत नसतं, पण तो इतरांना खरूज देऊ शकतो. हा किडा माणसाच्या अंगापासून दूर सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, आणि तो मुख्यतः पसरतो अंगाला अंग लागून. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, अंगावरचे कपडे एकदमच गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला.

गजकर्णाचं उलट आहे. त्या बुरशीचे बीजाणू कापडात महिनोन्‌महिने टिकू शकतात, त्यामुळे तिथे चादर आणि टॉवेल खरोखरच महत्त्वाचे. वेगळे ठेवायचे, दर दोन-तीन दिवसांनी ६० अंशाला धुवायचे, आणि त्वचा बरी दिसायला लागली म्हणून मध्येच सोडायचं नाही. वारंवार गळवं येणाऱ्यांनाही मी हेच सांगते. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके आणि गादीच्या शिवणीला काळे ठिपके दिसले तर ढेकूण शोधा. ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात आणि राहतात गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यांत, त्यामुळे नुसत्या चादरी धुऊन ते जात नाहीत.

मळकी चादर कधी झटकू नका, हे मी प्रत्येक कर्मचाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायचे आणि घरीही पाळते. झटकली की कोंडा, धूळ, बीजाणू सगळं खोलीभर उडतं आणि पुन्हा गादीवर बसतं. चारही कडा मधे घेत आतल्या बाजूला गुंडाळायची, अंगाशी न कवटाळता उचलायची आणि थेट धुण्यात टाकायची.

मुलाच्या शिंकांकडे येते. सकाळी उठल्यावरच शिंका येत असतील तर धुळीतल्या माइटचा संशय घ्यायला जागा आहे. या जिवाची लांबी मिलिमीटरचा साधारण तिसरा भाग. डोळ्याने दिसत नाही, चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या त्वचेचा कोंडा खातो. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हाच जीव आहे, हे नेदरलँड्समधल्या फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी. माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतो. म्हणून हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की त्याची संख्या रोडावते, आणि दमट, कोंदट खोलीत तो फोफावतो.

धुण्याच्या दृष्टीने इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जी करणारी प्रथिनं पाण्यात विरघळतात, त्यामुळे थंड पाण्याच्या धुण्यानेसुद्धा ती बरीचशी निघून जातात. जिवंत माइट मात्र थंड पाण्यात बहुतांशी वाचतात, धाग्यांना धरून राहतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९२ साली हे तपासलं, तेव्हा पाणी ५५ अंश किंवा त्याहून गरम असलं की सगळे मेले. म्हणून मुलाची चादर, अभ्रा आणि पांघरुणाची खोळ ६० अंशाला. त्याची मऊ खेळणी पलंगावर असतील तर तीही याच यादीत. गरम पाणी न सोसणारं खेळणं पिशवीत घालून दिवसभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, माइट मरतात, मग साध्या पाण्यात धुऊन घ्या. नुसतं गोठवलं तर माइट मेले तरी त्यांची विष्ठा तिथेच राहते.

एवढं करूनही मूळ वस्ती गादीत आणि उशीत असते, चादरीत नाही. त्यामुळे गादी आणि उशी दोन्हींना चेन असलेली, घट्ट विणीची पूर्ण बंद कव्हरं घालावी लागतात. नुसती कव्हरं घालून काम भागत नाही आणि नुसती चादर धुऊनही नाही. कव्हर, आठवड्याचं गरम धुणं आणि खोलीतली हवा कोरडी राखणं हे तिन्ही एकत्र हवं.

कोरडेपणासाठी एक गोष्ट फुकट करता येते. सकाळी उठल्या उठल्या पलंग नीटनेटका करून पांघरूण ओढू नका. रात्रभराचा ओलावा त्याखाली कोंडला जातो. पांघरूण पायथ्याशी उलटं टाका, खिडकी उघडा, तासाभराने आवरा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकात रुग्णांच्या अंथरुणाला हवा देण्याचा असाच आग्रह धरला होता. तेव्हा माइटचं कुणाला ठाऊक नव्हतं, पण अंगातून निघालेला ओलावा बिछान्यात साचतो हे त्यांनी नेमकं पाहिलं होतं.

आता गरम पाण्याचा प्रश्न. रुग्णालयाच्या धुलाईत तापमान म्हणजे नियमच असतो. ब्रिटनच्या रुग्णालयांत ६५ अंशाला किमान दहा मिनिटं किंवा ७१ अंशाला तीन मिनिटं. अमेरिकेत जुना दंडक ७१ अंशाला पंचवीस मिनिटांचा. घरच्या निरोगी माणसांच्या चादरीला यातलं काहीच लागत नाही. ३० ते ४० अंश आणि चांगलं डिटर्जंट पुरेसं. ६० अंश ठेवा ते आजारपणाला, ॲलर्जीला, बुरशीला, आणि उलटी-जुलाब झालेल्या चादरीला. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ साली मांडलेली एक गोष्ट आम्ही धुलाईत रोज वापरायचो. स्वच्छता चार गोष्टींतून येते: रसायन, घासणं-आपटणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. पाणी थंड असेल तर डिटर्जंट चांगलं हवं आणि वेळ जास्त. हाताने धुणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे. चादर अर्धा तास भिजत ठेवली तर घासण्याचे कष्ट निम्मे होतात.

यंत्राने धुणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक तापमानात नसतेच, ड्रम ठासून भरण्यात असते. चादर पाण्यात पसरते, गुंडाळी होते, आणि त्या गुंडाळीच्या पोटात बाकीचे कपडे अडकतात, तिथे ना पाणी पोचतं ना साबण. वर हात आडवा आत जाईल एवढी जागा सोडा. मोठ्या दोन चादरी आणि चार अभ्रे एवढंच एका वेळी, आणि त्यात जाड टॉवेल नको. दुसरी चूक जास्त डिटर्जंटची. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त नव्हे. न निघालेलं डिटर्जंट धाग्यात राहून चादर कडक आणि करडी करतं, नाजूक त्वचेला खाज आणतं, आणि त्याला मळही पटकन चिकटतो. धुतलेली चादर साध्या पाण्यात बुडवून चोळल्यावर फेस आला तर समजा, आजवर जास्त घालत होता. सॉफ्टनर मी चादरींना वापरत नाही. तो धाग्यावर थर चढवतो आणि सुती कापडाची पाणी शोषण्याची ताकद कमी करतो. रक्ताचा डाग मात्र आधी थंड पाण्यातच. गरम पाण्याने त्यातलं प्रथिन धाग्याला पक्कं धरतं.

आणि वाळवणं. याबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रही आहे, कारण हा धडा मी चुकून शिकले. विभाग हातात आल्याच्या पहिल्याच वर्षी पावसाची झड लागली होती, वॉर्डांची मागणी थांबत नव्हती, आणि मी जवळपास वाळलेल्या चादरींच्या घड्या घालून कपाटात ठेवायला सांगितलं. दोन दिवसांनी कपाट उघडलं तर कुबट वासाचा भपकारा. तीनशेच्या वर चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या, आणि त्या दिवशी वॉर्डांना पुरेशा चादरी देता आल्या नाहीत. हे मी अजून विसरलेले नाही. त्या वासाचं कारण पुढे वाचनात आलं. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली घरी धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. तो धुण्यातून वाचतो आणि कापड दमट राहिलं की वाढतो. म्हणजे पाच दिवसांनी धुऊन दमट ठेवलेल्या चादरीपेक्षा दहा दिवसांनी धुऊन खडखडीत वाळवलेली चादर बरी. चादर वाळली का हे मधल्या भागावर हात ठेवून कळत नाही. शिवलेली कड गालाला लावून पाहा. कड सगळ्यात शेवटी वाळते. ती गार लागली तर अजून ओल आहे. ऊन मिळत असेल तर उत्तमच. नसेल तर एका दोरीवर एकच पदर, दोन चादरींमध्ये वितभर अंतर, आणि शेवटी कडेवरून गरम इस्त्री.

नवी चादर आणली की धुऊनच अंथरा. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावर अनेकदा फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायनं असतात, आणि काहींच्या त्वचेला त्याने पुरळ येतं.

हे सगळं जमण्यासाठी पलंगामागे तीन जोड हवेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. रुग्णालयांत याहून जास्त ठेवतात, घरी तीन पुरतात. दोनच असले की चादर वाळण्याची वाट पाहावी लागते, आणि मग एक तर बदलणं लांबतं किंवा दमट चादर अंथरली जाते. तुमचे तीन आठवडे याच अडचणीतून आले असतील, असं मला वाटतं. वार ठरवा, आणि दोन्ही पलंगांचा वेगवेगळा ठरवा, म्हणजे एका दिवशी सगळा डोंगर उपसावा लागणार नाही.

मुलासाठी सहा आठवडे करून पाहा: उशी-गादीला बंद कव्हरं, आठवड्याला ६० अंशाचं धुणं, पलंगावर एकच खेळणं, सकाळी खिडकी उघडी. शिंका किती दिवस आल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत जा. सहा आठवड्यांत खुणा विरळ झाल्या नाहीत तर कारण दुसरं असू शकतं. परागकण असतील, पाळीव प्राणी असेल, किंवा नाकातलाच काही त्रास. तेव्हा ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करून घ्या. आणि रात्री खोकला येत असेल, श्वासात घरघर ऐकू येत असेल, तर सहा आठवडे थांबू नका, याच आठवड्यात त्याला डॉक्टरांना दाखवा.